शुद्धिपत्र

फणसवाडीच्या मागच्या बोळात
दोन पायऱ्या उतरून आमचा छापखाना.
मी मुद्रितशोधक. महिना पंच्याऐंशी रुपये,
लाल पेन्सिल मालकाची, चष्मा माझा.

अठ्ठावन्न सालच्या वैशाखात
प्राध्यापक उकिडवे हिंदू कॉलनीतून टॅक्सी करून आले.
काखेत अनुवाद:
राणीच्या अमदानीतली जाडजूड इंग्रजी कादंबरी,
तिकडच्या वाचनालयांनी म्हणे
पंधरा वर्षं कपाटात कोंडलेली.

गोष्ट अशी:
परटिणीची पोर,
मोठ्या घरचे शर्ट, मोठ्या घरचा पुतण्या.
पुढे मूल. पुढे गावाचे प्रश्न, सगळे तिलाच.
पुतण्या पार्लमेंटात.
प्रस्तावनेत सरांनी बजावलं होतं,
‘वाचकांनी शैली पाहावी, नायिकेचे वर्तन नव्हे.’
आणि सोळाव्या प्रकरणाची शेवटची ओळ,
‘त्या रात्री ती पडली.’

शेवंता मयेकरीण खिळे जुळवायची.
उलटी अक्षरं, सुलटी नजर,
बोटांची टोकं शिशानं काळी.
तिचं पान माझ्याकडे आलं:
‘त्या रात्री ती पाडली.’

मी काना खोडला.
दुसऱ्या प्रुफात काना परत.
मी पुन्हा खोडला, समासात लिहिलं, ‘लक्ष द्या.’
तिसऱ्यांदा गॅलीपाशीच गेलो.
शेवंताबाई, म्हटलं, वाक्य बसत नाही.
‘पाडली’ म्हटलं की कर्ता लागतो.
कर्ता कुठाय?

तिनं स्टिक खाली ठेवली नाही.
‘ता माका नको इचारूस, मास्तर,
ज्यान लिवल्यान तेका इचार.
ढकलल्याबगर कोण पडता?’

त्यावर मी काय बोललो आठवत नाही.
बहुतेक चहा मागवला.
तिच्याविषयी मशीनवाले काय बोलत
ते मला ठाऊक होतं,
एकदा मी हसलोही होतो,
मोठ्यानं नाही, पण तिला ऐकू जाईल इतपत.

लग्नसराई होती. काने कमी पडत.
‘आमचे येथे श्रीकृपेकरून’च्या ढिगाखाली
सगळे काने वधूवरांच्या नावांत अडकलेले,
मालक ओरडायचा, उसने आणा, गायवाडीतून आणा.
त्या दिवसांत
एक काना कुणी उगाच खर्च करत नाही.

पुस्तक छापून झालं. त्यात ‘पडली’.
जिंकलो, असं वाटलं असावं मला.

मग सर यादी घेऊन आले: नऊ चुका.
एक सनावळीची, दोन ऱ्हस्वदीर्घाच्या,
एके ठिकाणी ‘पाद्री’चा ‘पाजी’ झालेला,
ती मात्र मला आवडली होती.
शुद्धिपत्र लावा, म्हणाले, चिटकवून.

संध्याकाळी शेवंतानं प्रूफ आणून दिलं,
ओलं, शाईचा वास.
नऊ चुका. आणि खाली, त्याच टाइपात,
त्याच थंड, सरकारी सुरात,
‘पृ. २१३, शेवटची ओळ:
“पडली” ऐवजी “पाडली” वाचावे.’

मी पेन्सिलीला टोक केलं.
पुन्हा केलं.
ती दाराशी चपला घालत होती,
एक अंगठा तुटलेला, पिन लावलेली,
वळून बघितलं नाही.
कोपऱ्यात मी सही केली. नुसती आद्याक्षरं.

पाचशे प्रतींना खळ लावली. दोन दिवस लागले.
सरांनी शुद्धिपत्र वाचलं नसावं,
आपल्या चुका आपल्याला पाठ असतात.
सहा महिन्यांनी कुणी तरी दाखवलं तेव्हा
नजरचूक, म्हणालो मी. पगारातून पाच रुपये गेले.
कर्त्याचं नाव मीही सांगितलं नाही.
कोणत्याच.

फर्मा सुटला तसे खिळे आपापल्या खणात परत.
तोही काना.
दुसऱ्या दिवशी शेवंतानं तो उचलला असेल
चिमटीत, न बघता,
आणि बसवला असेल
ठाकूरद्वारच्या कुणा चिरंजीवाच्या
‘विवाह’ात.